बाराव्या रांगेतली रिकामी सीट

मंगळवारी सकाळी सहा चाळीसला पोलिसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरातून चोवीस वर्षांच्या एका तरुणाला ताब्यात घेतलं. तो दात घासत होता. तोंडातला फेस थुंकायला त्याला बेसिनपर्यंत जाऊ दिलं, चपला घालू दिल्या, आणि चौघे पोलीस त्याला मधे घेऊन जिना उतरले. आरोप खुनाचा होता. नऊ आठवड्यांपूर्वी, एका सोमवारी, छापखान्याचा मालक आपल्याच छापखान्यात मेलेला सापडला होता. डोक्यात घाव होता, आदल्या रविवारी संध्याकाळी बसलेला. शेजारी कागद कापायच्या यंत्राचा लोखंडी दांडा पडला होता.

घरात त्या वेळी आणखी तिघं होती. वडील चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. आई शाळांच्या गणवेशांना काजं-बटणं करते. थोरली मुलगी गुन्हेगारी कायदा आणि न्यायसहायक विज्ञान या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात, दुसऱ्या वर्षाला. धाकटा, म्हणजे ज्याला नेलं तो, पार्सलची गाडी चालवायचा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला घरात ढब्बू म्हणत. आता तो काडीसारखा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईने मुलीला विचारलं, कारण पोलीस-कोर्ट यातलं घरात कळत असलं तर तिलाच.

"ते काय म्हणत होते ग? दांड्यावर याचं काय सापडलं?"

"डीएनए."

"चुकून सापडलं असेल."

मुलीने जे उत्तर दिलं ते तिने मागच्या सत्राच्या परीक्षेत जवळजवळ शब्दशः लिहिलं होतं, आणि वीसपैकी अठरा गुण मिळवले होते.

"आई, डीएनए चुकत नाही."

वडील दाराच्या कडीशी उभे होते. त्यांनी दार लावलं, वळून मुलीकडे पाहिलं आणि कामाला जायचे कपडे घालायला आत गेले. त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

पोलिसांनी ढब्बूचा नमुना घेतला. आठव्या दिवशी निकाल आला: दांड्यावरचं प्रोफाइल, म्हणजे डीएनएच्या आकड्यांची मालिका, त्याचंच. दहाव्या दिवशी बहिणीला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. मधे काच, दोन्हीकडे फोन, वीस मिनिटं.

"ये ताई," तो म्हणाला. "इथं माझं नवीन नाव पडलंय. डीएनए. 'ए डीएनए, सरक तिकडं.' ढब्बूपेक्षा बरंय ना?"

ती हसली नाही. तिने वहीत प्रश्न लिहून आणले होते.

"त्या रविवारी संध्याकाळी फोन बंद का होता?"

"बॅटरी गेली होती. डेपोच्या मागं गाडी लावली आणि मागच्या बाजूला पार्सलांवर आडवा झालो. तीन तास झोपलो असेन."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघायला येतं?"

"छापखान्यात कधी पार्सल दिलंस?"

"त्या गल्लीत शंभर वेळा गेलोय. आत कधीच नाही."

तिने पान उलटलं. पुढचा प्रश्न तिने लिहिला नव्हता, तरी विचारला.

"ढब्बू, तू तिथे होतास का?"

त्याने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, परत कानाला लावला.

"तूही विचारलंस," तो म्हणाला. "बरं झालं. आता विचारायचं कुणी राहिलं नाही."

उरलेली अकरा मिनिटं दोघं आईच्या गुडघ्याविषयी बोलले.

अहवालाची प्रत वकीलबाईंच्या हातात अटकेनंतर सतराव्या दिवशी, शुक्रवारी पडली. वकीलबाई साठीच्या होत्या, सरकारने नेमून दिलेल्या. त्यांच्या कचेरीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि खिडकीत ठेवलेल्या फायलींचा इतका ढीग की खिडकी उघडायचा प्रश्नच येत नसे.

"तू वाच," त्या म्हणाल्या. "मला सायन्सला पस्तीस होते, त्यातले चार दयेचे."

अहवाल नऊ पानांचा होता. बहिणीने तो उभ्यानेच वाचायला घेतला आणि पाचव्या पानावर खुर्ची ओढून बसली. परिच्छेद सात असा होता: दांड्यावरून घेतलेल्या कापसाच्या काडीवर एका अनोळखी पुरुषाचं प्रोफाइल मिळालं. पोलिसांच्या साठ्यात त्याची जोडी सापडली नाही. नियमाप्रमाणे ते प्रयोगशाळेच्या वगळणी यादीशी ताडून पाहिलं. यादीतल्या क्रमांक त्रेचाळीसच्या व्यक्तीशी ते सख्ख्या भावाइतकं जवळचं आढळलं.

वगळणी यादी म्हणजे प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डीएनएची यादी. कर्मचारी, सफाई कामगार, शिकायला येणारे विद्यार्थी, सगळे तिच्यात असतात. कुणाची शिंक, कुणाचा केस पुराव्यात पडला तर तो ओळखून बाजूला काढता यावा, एवढ्यासाठीच ती ठेवतात. क्रमांक त्रेचाळीस ती स्वतः होती. म्हणजे पोलिसांना भावाच्या दारापर्यंत तिने आणलं होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

मग तिने तपासणीची तारीख पाहिली. मृतदेह सापडला त्याच आठवड्यातला गुरुवार. तिने ते पान टेबलावर पालथं ठेवलं. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"काय झालं?"

"त्या दिवशी मी तिथे होते," ती म्हणाली. "ढब्बूही होता. एका नळीत."

प्रयोगशाळेची एक पद्धत होती. ती कुठल्याच वहीत नव्हती, पण त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होती. डीएनएच्या तपासणीची प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा पत्रा, शहाण्णव खळग्यांचा. प्लेट पूर्ण भरत नाही तेव्हा शेवटचे काही खळगे रिकामे जातात. कॉलेजचं यंत्र वर्षातले आठ महिने बंद असे, आणि विद्यार्थ्यांना सरावाचे निकाल वेळेवर द्यायचे असत. म्हणून प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ त्यांना रिकाम्या खळग्यांत आपले नमुने घालू देत. मुलं त्यांना शहाण्णवकाका म्हणत आणि बसच्या रांगेत विचारावं तसं विचारत, "काका, सीट आहे का?" काका भुवई उडवून सांगत, "मागे दोन आहेत. उभं राहायचं नाही, बसायचं आणि गप उतरायचं." वहीत त्या जागांपुढे ते लिहीत: रिकामी.

त्या आठवड्यात वर्गाला नात्यांच्या ओळखीचा सराव होता. प्रत्येकाने घरच्या चौघांचे गालातले नमुने आणायचे. बहिणीने आदल्या संध्याकाळी आईवडिलांच्या आणि भावाच्या तोंडात काड्या फिरवल्या होत्या. भाऊ म्हणाला होता, "नीट घे, पुढच्या जन्मीपर्यंत पुरला पाहिजे." गुरुवारी काकांनी बारावी उभी रांग दाखवली. वरच्या चार जागा खऱ्या खटल्याच्या, खालच्या चार रिकाम्या. तिने चारांत पहिला भाऊ बसवला. त्याच्या बरोबर वर, बोटभर अंतरावरही नाही, छापखान्याच्या दांड्याची काडी होती.

पुढचं तिला शुक्रवारी वकीलबाईंच्या टेबलाशी आठवलं. प्लेटवर एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. तो सावकाश, एका कोपऱ्यापासून सोलायचा असतो, नाहीतर एका खळग्याचा थेंब दुसऱ्यात उडतो. काकांचा फोन वाजला. ते म्हणाले, "तू काढ ग जरा." कोपरा अडकला होता. तिने तो झटक्यात ओढला.

"लोखंडी दांड्यावरचं सगळं मिळून सुईच्या टोकावर मावेल एवढं असतं," तिने वकीलबाईंना सांगितलं. "गालातली ताजी काडी म्हणजे बादलीभर. एक शिंतोडा पुरे."

"आणि ती तुमची कोरी चाचणी? ती स्वच्छ आहे म्हणून इथं लिहिलंय."

"तो नमुना न घातलेला खळगा, तो पहिल्या रांगेत असतो. प्लेटच्या दुसऱ्या टोकाला."

"परत तपासा म्हणू."

तिने नववं पान दाखवलं. नमुना संपला. दांडा पुसून, रासायनिक भुकटी लावून बोटांचे ठसे घेण्यासाठी दुसऱ्या विभागात गेला होता.

"तुझ्या सरावाचे कागद असतील."

"काकांनी आकडे हाताने लिहून दिले होते. मी ते उतरवून सबमिशन दिलं. कागद टाकून दिला." ती थांबली. "सरकारी वकील म्हणतील, भावाचे आकडे हिच्याकडे आधीच होते. त्यावरून गोष्ट रचली."

"मीही त्यांच्या जागी तेच म्हणेन," वकीलबाई म्हणाल्या. "मग राहिलं काय?"

राहिलं होतं एकच. यंत्र एका वेळी आख्खी उभी रांग वाचतं, आठही खळगे, वहीत कुणी रिकामा लिहिला असला तरी. बाराव्या रांगेची मूळ फाइल उघडली आणि त्या रिकाम्या जागेत भावाचं प्रोफाइल ठसठशीत दिसलं, तर एवढ्यावर काम भागत होतं. मूळ फाइली यंत्राच्या संगणकात नव्वद दिवस राहतात. मग आपोआप पुसल्या जातात. वकीलबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाच्या टोकाने मोजलं. गुरुवारपासून त्या शुक्रवारपर्यंत अठ्ठ्याहत्तर झाले होते. नव्वदावा येत्या नव्हे, त्यापुढच्या बुधवारी पडत होता.

शनिवारी दुपारी ती काकांच्या घरी गेली. तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर कुंड्यांत मिरच्या. प्रत्येक कुंडीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात लावल्याची तारीख. काका झारीने पाणी घालत होते. तिला पाहून त्यांनी झारी खाली ठेवली नाही.

"काका, त्या गुरुवारी बाराव्या रांगेत मी बसले होते."

"वहीत रिकामी आहे."

"वहीत तुम्ही लिहिलंय."

"हो. म्हणूनच वहीत आहे." त्यांनी पुढच्या कुंडीत पाणी घातलं. "तुझ्या भावाचं ऐकलं मी. वाईट वाटलं. पण रांग रिकामी होती."

"काका, फोन आला होता तुमचा. पडदा मी काढला. मी झटक्यात काढला. मी तुमच्यावर काही ढकलत नाही, हात माझा होता. तुम्ही फक्त एवढं सांगा, की मी तिथे होते."

"मग ते विचारतील, आणखी कोण कोण होतं." काका आता तिच्याकडे वळले. "अकरा वर्षं मी पोरांना सीट देतोय. तुझ्या आधीच्या दहा बॅचेस. त्या प्लेटांवर आत गेलेली माणसं मोजलीस? सगळ्या उघडाव्या लागतील. त्यातले खरे गुन्हेगार उद्या बाहेर येतील. मी एका पोरासाठी तोंड उघडायचं, आणि मग रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला घाबरायचं?"

"आणि त्यातला एखादा खरा नसेल तर?"

काकांनी झारी उपडी केली. ती रिकामी होती.

"जा आता," ते म्हणाले. "सुनबाई यायची वेळ झाली."

रविवारी तिने मार्गदर्शक प्राध्यापिकांना फोन केला आणि सोमवारी सकाळी विभागात जाऊन भेटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाच थांबवून रांगेचा क्रमांक पुन्हा विचारला.

"प्रवेशाच्या वेळी हमीपत्र दिलंयस तू. खऱ्या खटल्याच्या प्लेटला हात लावणार नाही म्हणून."

"हो मॅडम."

"शपथपत्र केलंस तर तुझं नाव कमी करावं लागेल. मलाच सही करावी लागेल त्या कागदावर."

"करा."

"बस जरा." मॅडमनी चष्मा काढला. "मी तुम्हाला पहिल्या तासाला काय शिकवलं? दोन शक्यता लिहा, आणि जी आवडत नाही ती आधी तपासा. तू तपासलीस?"

"तो तिथे होता ही?"

"ही."

"त्याला विचारलं मी."

"विचारणं म्हणजे तपासणं नाही." त्या हळू बोलत होत्या, वर्गात बोलतात त्याहून हळू. "समजा ती फाइल उघडली आणि ती जागा खरंच रिकामी निघाली. तू नमुना अकराव्या रांगेत बसवला असशील, तुला बारावी वाटत असेल. माणूस स्वतःला हवं ते आठवतो. मग तुझं शपथपत्रच त्याच्या गळ्यात पडेल. हे डोक्यात ठेवून सही कर."

तिने त्याच दुपारी सही केली. नोटरीने नाव, पत्ता, व्यवसाय विचारला. व्यवसायापुढे तिने विद्यार्थिनी लिहिलं आणि मग पेन तसंच धरून थोडा वेळ उभी राहिली.

अर्ज त्याच सोमवारी दाखल झाला: मूळ फाइल जपून ठेवण्याचा आदेश द्यावा. न्यायाधीश गुरुवारपर्यंत रजेवर होते. शुक्रवारी सुनावणी झाली, सात मिनिटांची. सरकारी वकिलांनी म्हणणं मांडायला मुदत मागितली. वकीलबाई म्हणाल्या, मुदत द्या, पण यंत्र कुणाला मुदत देत नाही. न्यायाधीशांनी सोमवारची तारीख दिली.

त्या शनिवारी ती तुरुंगात गेली. भाऊ बाकावर बसला तेव्हा तिने पहिलं पाहिलं ते त्याचं मनगट. घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा डाग अजून होता, पण त्याखालची हाडं वर आली होती, इतका हात उतरला होता.

"जेवत नाहीस?"

"जेवतो की."

"खोटं बोलू नकोस."

"मग विचारू नकोस."

तिने त्याला सगळं सांगितलं. सीट, पडदा, थेंब, यादी. त्याला समजेल अशा शब्दांत, मधे न थांबता. तिचं बोलणं संपल्यावर त्याने काचेवरचा कुणाच्यातरी बोटांचा डाग अंगठ्याने पुसला.

"म्हणजे मी तुझ्यामुळं आत आहे."

"हो."

"गृहपाठामुळं."

"हो."

"काय गंमत आहे," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "शाळेत माझा गृहपाठ तू करायचीस."

"ढब्बू, बुधवारपर्यंत फाइल सापडेल. तुला फक्त बुधवारपर्यंत—"

"माझ्या शेजारी एकजण आहे. सात वर्षं आत आहे. तो म्हणतो, कबूल करून टाक. रागाच्या भरात झालं म्हण. दहा वर्षांत सुटशील. नाही म्हणत राहिलास तर जन्म जाईल, आणि डीएनए असताना नाही म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही."

"तू केलेलंच नाहीस."

"तुला माहितीय?"

मॅडमची दुसरी शक्यता तिथे, काचेच्या दोन्ही बाजूंना, येऊन बसली. भावाने तिचा चेहरा वाचला.

"बघ. तुलाही नाही माहीत," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, हेच तिला सहन होईना. "मला तर आता माझंच कळेनासं झालंय. रोज झोपताना त्या छापखान्यात जाऊन बघतो, दार कुठं असेल, तो दांडा कुठं असेल. परवा मला ते सगळं दिसलं ताई. न गेलेली जागा दिसली. मला भीती वाटते, असाच चार महिने बसलो तर मला खरंच आठवायला लागेल."

"कबुलीचा अर्ज दिलास का?"

"काल दिला. जबाब नोंदवायला गुरुवारी अकराला कोर्टात नेणार. इथले साहेब म्हणाले, तोपर्यंत विचार कर."

"मागे घे. हात जोडते. मागे घे."

"बुधवारी काही सापडलं तर घेतो." पहारेकऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने फोन ठेवता ठेवता पुन्हा उचलला. "आईला सांग, जेवतो."

आईला तिने तसंच सांगितलं. वडील जेवणाच्या ताटावर होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"डीएनए चुकत नाही म्हणाली होतीस."

"डीएनए नाही चुकलं. मी चुकले."

"मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं, बाबा."

"पण बोललीस मात्र," वडील म्हणाले. "सगळं माहीत असल्यासारखी."

सोमवारी दुपारी दोन वाजता आदेश झाला: संबंधित तपासणीची मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. प्रमाणित प्रत मिळायला दोन दिवस लागतील, असं कारकून म्हणाला. वकीलबाई त्याच्याशी अर्धा तास भांडल्या. तो म्हणाला, बाई, शिक्का मारणारा एकच आहे आणि त्याच्यापुढे एकशे चाळीस कागद आहेत. वकीलबाईंनी प्रयोगशाळेत फोन करून आदेश झाल्याचं सांगितलं. तिकडून उत्तर आलं: फोनवर आदेश घेत नाही, लेखी आणा.

बहीण कोर्टातून निघाली ती थेट प्रयोगशाळेसमोरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. सव्वापाचला काका फाटकातून बाहेर आले. डबा बगलेत. तिला पाहून त्यांनी रस्ता बदलला नाही. येऊन शेजारी उभे राहिले, बस जिकडून यायची तिकडे तोंड करून.

"आदेश झालाय, काका. पण प्रत बुधवारी मिळेल. आणि फाइल बुधवारी पुसली जाईल."

काकांनी डबा दुसऱ्या बगलेत घेतला.

"गुरुवारी तो कबूल करणार आहे. न केलेलं."

एक बस आली. काकांची नव्हती. माणसं उतरली, चढली. बस गेल्यावर धुरात काकांनी विचारलं, "कुठली सीट होती त्याची?"

"बाराव्या रांगेतली पाचवी. वरून पाचवी."

"आणि तुझी?"

"शेवटची."

काकांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, हे तिने त्या संध्याकाळी वकीलबाईंना फोनवर सांगताना दोनदा बदललं. मग काकांची बस आली. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "पडदा कोपऱ्यातून काढायचा असतो. पहिल्याच दिवशी दाखवलं होतं मी." दार बंद झालं.

मंगळवारी काहीच झालं नाही. निदान बहिणीला आणि वकीलबाईंना तसं वाटलं. बहीण दिवसभर कोर्टाच्या नक्कल विभागापुढच्या बाकावर बसून होती. संध्याकाळी खिडकी बंद झाली तेव्हा तिच्या पुढे अजून अकरा जण होते.

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी प्रमाणित प्रत मिळाली. वकीलबाई आणि ती रिक्षाने प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा चार पंधरा झाले होते. आवक विभागातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, संचालकांच्या नावापुढचं पद चुकलंय म्हणाल्या, आणि वकीलबाईंचा चेहरा पाहून शिक्का मारला. चार बावीस. संचालकांनी दोघींना आत बोलावलं. ते उंच, थकलेले गृहस्थ होते. परिच्छेद सात त्यांच्याच सहीने गेला होता.

"मी नियमाने केलं," ते बहिणीला म्हणाले. "तुमचं नाव यादीत आलं तेव्हा मला झोप लागली नाही. पण नियमाने केलं."

त्यांनी संगणक विभागाच्या अभियंत्याला बोलावलं आणि आपल्या देखत फाइल काढायला सांगितली. अभियंता यंत्रापुढे बसला. पहिल्यांदा शोधलं तेव्हा त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तारीख टाकून शोधलं. मग मागे वळला.

"सर, त्या दिवसाच्या बाकी फाइली आहेत. पहिली रांग ते अकरावी, सगळ्या आहेत. बारावी नाही."

"आज पुसली गेली?"

"नाही सर. आपोआप पुसणं आज संध्याकाळी सहाला होतं. अकरा रांगा आहेत म्हणजे ते अजून झालेलंच नाही. बारावी कुणीतरी हलवलीय."

त्याने वापराची नोंद उघडली. काल, मंगळवारी, संध्याकाळी सहा बावन्नला बाराव्या रांगेची फाइल उघडली गेली होती, शहाण्णवकाकांच्या पासवर्डने. सात सोळाला बंद झाली होती. मधल्या वेळात यंत्राला एक बाहेरची डिस्क जोडलेली होती. फाइल तिच्यावर उतरवून घेतली, की नुसती इथून काढून टाकली, हे नोंदीवरून सांगता येत नाही, असं अभियंत्याने लिहून दिलं. संचालकांनी संगणक सील केला, त्यावर चौघांच्या सह्या घेतल्या आणि पुसलेलं परत मिळवण्यासाठी तो दुसऱ्या शहरातल्या विभागाकडे पाठवायचा आदेश काढला. तिथल्या निकालाला तीन ते पाच आठवडे लागतात.

काका बुधवारी कामावर आले नव्हते. रजेचा अर्ज नव्हता. फोन बंद होता. बहीण आणि वकीलबाई साडेपाचला त्यांच्या घरी गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सकाळी नऊच्या सुमारास पिशवी घेऊन निघाले, सुनेला सांगून गेले की एका माणसाला भेटून येतो. कुणाला, ते सांगितलं नाही.

वकीलबाईंनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे निरोप दिला की आरोपीला एवढंच कळवावं: फाइल होती, ती हलवली गेली आहे, अर्ज मागे घे. निरोप मिळाल्याची पोच सात वाजता आली. निरोप पोचवल्याची आली नाही.

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला बहीण कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होती. वडील तिच्याआधी आले होते आणि तिच्यापासून एक खांब सोडून उभे होते. वकीलबाई संचालकांचं पत्र घेऊन आत गेल्या होत्या. काकांचा फोन अजून बंद होता. दहा अठ्ठेचाळीसला खाली तुरुंगाची गाडी आली. तिच्यातून सहा कैदी उतरले. ढब्बू चौथा होता. त्याच्या हातात दुमडलेला एक कागद होता. कबुलीचा की अर्ज मागे घ्यायचा, हे तिसऱ्या मजल्यावरून दिसत नव्हतं.